जहाज फुटलं की भाव चढतो

जिता नावाच्या तारामंडळात, चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रापाशी एक अवकाशस्थानक आहे. दारूगोळा, इंधन, खनिजं, इंजिनं, जहाजबांधणीचे आराखडे, आख्ख्या युद्धनौका, जे मागाल ते तिथे विकायला असतं, आणि कितीही वाजता गेलात तरी घेणारे हजर असतात. हे सगळं ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाच्या खेळातलं आहे. आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी गेम्स या कंपनीनं मे २००३ मध्ये तो सुरू केला. चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला, तर जगभरचे खेळाडू सात हजारांहून अधिक तारामंडळांच्या एकाच विश्वात वावरतात.

जिताला बाजारपेठ करायचं कंपनीच्या मनातही नव्हतं. सुरुवातीच्या काळात गर्दी व्हायची ती युलाई या तारामंडळात, कारण खेळातल्या साम्राज्यांना जोडणारे लांब पल्ल्याचे मार्ग तिथे येऊन मिळत. एकाच जागी इतकी दाटी नको म्हणून कंपनीनं ते मार्गच काढून टाकले. गर्दी पांगली, काही काळ इकडेतिकडे विखुरली आणि पुन्हा एका ठिकाणी गोळा झाली. ती जागा जिता. आसपास खेळाडूंची वस्ती दाट होती. विकणारे तिथे जास्त म्हणून घेणारे तिथे जाऊ लागले, आणि घेणारे तिथे म्हणून विकणारे आणखी वाढले. चार वाटा मिळतात तिथे कुणी न सांगता आठवडी बाजार भरू लागतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे गर्दी इतकी वाढली, की एकट्या जितासाठी कंपनीला स्वतंत्र सर्व्हर राखून ठेवावा लागला. जगाचे कर्तेधर्ते एकीकडे आणि बाजार दुसरीकडे, आणि शेवटी कर्त्यांनीच बाजाराचं ऐकलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

आता त्या बाजारातली एकच वस्तू हातात घेऊन बघू. रिफ्टर हे लहानसं, चपळ लढाऊ जहाज. नवखे खेळाडू ते हौसेनं घेतात. विक्रीच्या यादीत दिसणारं रिफ्टर कंपनीनं तिथे ठेवलेलं नसतं, कुणा खेळाडूनं ते बांधलेलं असतं. त्यासाठी लागणारं ट्रिटेनियम दुसऱ्या कुणीतरी वेल्डस्पार नावाच्या खडकातून काढलेलं असतं. तासन्‌तास लघुग्रहाशेजारी जहाज उभं करून लेझरनं खडक कापत बसायचं, हा तिथे कित्येकांचा रोजचा धंदा आहे. तिसऱ्यानं ते खनिज घाऊक भावानं उचललेलं असतं, चौथ्यानं वाहून आणलेलं असतं. या चौघांची एकमेकांशी ओळख असतेच असं नाही. कुणी कुठल्या देशात, कुठल्या वेळेला जागा असतो, तेही एकमेकांना ठाऊक नसतं. तरीही चौघांचे हात लागून जहाज तयार होतं आणि जिताच्या यादीत येतं.

या व्यवसायात नवा माणूस हमखास एक गोष्ट बोलतो: खनिज मी स्वतः खणलं, म्हणजे ते मला फुकट पडलं. मग तो ते घालून जहाज बांधतो आणि नुसत्या खनिजाला जेवढे पैसे मिळाले असते त्याहून कमी भावात विकून खूश होतो. जुने खेळाडू त्याला समजावत बसतात, की बाबा, तेच खनिज जसंच्या तसं विकलं असतंस तर जास्त मिळाले असते, म्हणजे जहाज बांधण्यात तुझा तोटाच झाला. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तो संधीव्यय इथे माणूस स्वतःच्या खिशाला चटका बसून शिकतो.

या विश्वात माल आपोआप घरी पोहोचत नाही. बऱ्याच ऑनलाइन खेळांत लिलावात घेतलेली वस्तू टपालपेटीत येऊन पडते. ईव्हमध्ये जिताला घेतलेलं जहाज जितालाच राहतं. ते दुसरीकडे हवं असेल, तर कुणीतरी ते एकेका तारामंडळातून उड्या मारत न्यायला हवं. खेळ रचणाऱ्यांनी केलेला हा एवढा एकच निर्णय, पण त्यातून किती काय उगवलं! अंतर आलं म्हणून ठिकाणागणिक भाव वेगळे झाले. भाव वेगळे झाले म्हणून इथे घेऊन तिथे विकणारे व्यापारी आले आणि व्यापाऱ्यांच्या पाठोपाठ वाहतूकदार. मालवाहतुकीचा करार करताना वाहतूकदार मालाच्या किमतीएवढी रक्कम अनामत ठेवतो. माल पोहोचला तर अनामत परत आणि वर भाडं, गहाळ झाला तर अनामत मालकाची. अशा करारांवर वर्षानुवर्षं चाललेल्या खेळाडूंच्या वाहतूक कंपन्या आहेत.

आणि वाहतूकदार आले म्हटल्यावर वाटमारे येणारच. साम्राज्यांच्या सुरक्षित हद्दीत काँकॉर्ड नावाचे पोलीस असतात. विनाकारण हल्ला करणाऱ्याचं जहाज ते नष्ट करतात, त्यातून सुटका नाही. मात्र त्यांना पोहोचायला काही सेकंद लागतात, आणि सगळी वाटमारी त्या सेकंदांत उरकते. टोळीतला एक जण आधी मालवाहू जहाजात काय भरलंय ते यंत्रानं न्याहाळतो. मग हिशेब मांडतात. जहाज फुटलं की आतला साधारण निम्मा माल शाबूत राहतो, कुठला ते नशिबावर. समजा, आत खेळातल्या चलनात २०० कोटींचा माल आहे. हाती लागेल अंदाजे १०० कोटींचा. पोलीस येण्याआधी ते जहाज फोडायला जी स्वस्त जहाजं झोकून द्यावी लागतील, त्यांचा खर्च ४० कोटी. म्हणजे हल्ला परवडतो. आत ५० कोटींचाच माल असता, तर त्याच जहाजाकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. हा हिशेब वाहतूकदारालाही पाठ असतो. म्हणून तो एका फेरीत ठरावीक किमतीच्या वर माल घेत नाही, किंवा घेतला तर भाडं चढं लावतो. त्या भाड्यात जोखीम जवळजवळ पैशापर्यंत मोजलेली असते, आणि ती मोजायला कुणी विमा कंपनी बसलेली नसते.

वरवर पाहता ही सगळी नासधूस वाटते. तरी माझ्या मते ईव्हचा बाजार इतकी वर्षं टिकला तो या नासधुशीमुळेच. खेळात जहाज फुटलं की ते कायमचं गेलं. थोडीफार विम्याची भरपाई मिळते, जहाज परत मिळत नाही. ज्याचं गेलं तो दुसरं घ्यायला बाजारात येतो, आणि म्हणून खडक कापणाऱ्यापासून वाहतूकदारापर्यंत सगळ्यांच्या हाताला काम राहतं. हे नसेल तर काय होतं, ते १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’नं दाखवलं होतं. तिथे जगातली साधनसामग्री मोजकी ठेवून ती फिरती राहील अशी योजना होती. खेळाडूंनी वस्तू साठवून ठेवायला सुरुवात केली. साठे तुंबले, नव्या वस्तूंसाठी सामग्री उरेना, आणि ती योजना गुंडाळावी लागली.

ईव्हमधली नासधूस किती मोठी असू शकते, याचं उदाहरण २७ आणि २८ जानेवारी २०१४ ला घडलं. बी-आर५आरबी नावाच्या तारामंडळावर ताबा असलेल्या खेळाडूंच्या आघाडीकडून तिथलं ठरलेलं भाडं भरायचं राहून गेलं. ताबा सुटला, शत्रूनं चढाई केली आणि सुमारे २१ तास लढाई चालली. साडेसात हजारांवर खेळाडू त्यात उतरले. इतका भार आला की सर्व्हरनं खेळातला काळच संथ केला. एकेक बांधायला आठवडेच्या आठवडे लागणारी ७५ टायटन जहाजं त्यात गेली. नुकसानीचा आकडा जगभरच्या बातम्यांत आला तो सुमारे तीन लाख डॉलरचा.

खेळातल्या जहाजाची किंमत डॉलरमध्ये काढायची कशी? त्याची किल्ली प्लेक्समध्ये आहे. प्लेक्स ही कंपनीकडून खऱ्या पैशानं घ्यायची वस्तू, आणि तिच्या बदल्यात खेळायची मुदत वाढवून मिळते. ज्याच्याकडे डॉलर आहेत पण वेळ नाही, तो प्लेक्स घेऊन बाजारात विकतो आणि इस्क, म्हणजे खेळातलं चलन, मिळवतो. ज्याच्याकडे वेळ आहे पण डॉलर खर्चायचे नाहीत, तो इस्क मोजून ते प्लेक्स घेतो आणि पदरचा पैसा न घालता खेळतो. दोघांची सोय होते, आणि जाता जाता इस्कचा डॉलरशी दर ठरतो. त्या दरानं टायटनची किंमत काढतात. लढाईत कुणाच्या बँकेतून तीन लाख डॉलर गेले नाहीत, गेले ते हजारो माणसांचे तास. प्लेक्स स्वतः जहाजातून नेता येत असे, म्हणजे फोडताही येत असे. २०१० मध्ये जितातच कुणीतरी केस्ट्रेल या चिमुकल्या जहाजात ७४ प्लेक्स घालून निघालं. जहाज फुटलं आणि सगळीच्या सगळी प्लेक्स नष्ट झाली. हजार डॉलरहून अधिक किमतीचा ऐवज एका क्षणात गेला, वाटमाऱ्यांच्या हातीही काही लागलं नाही.

माल खेळाडू घडवतात, पण चलन कुठून येतं? संगणकानं चालवलेल्या चाच्यांना मारल्याबद्दल बक्षीस मिळतं, ते नव्यानं जन्मलेलं इस्क. दलाली, विक्रीकर, मूळ आराखड्यांची किंमत यांतून इस्क नाहीसं होतं. येणारं जास्त आणि जाणारं कमी झालं, की महागाई. हे सांभाळायला कंपनीनं २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थतज्ज्ञाला नोकरीवर घेतलं. ते खेळातल्या किमतींचे निर्देशांक काढत, तिमाही अहवाल लिहीत. पुढे २०१४ मध्ये ते आइसलँडमधल्या आकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आजही कंपनी आर्थिक अहवाल प्रसिद्ध करते: कुठल्या प्रदेशात किती खाणकाम झालं, किती उत्पादन झालं, किती किमतीची जहाजं फुटली.

जे अशा कुठल्याच हिशेबात बसत नाही, ते म्हणजे विश्वास. खेळाडूंनी ईबँक नावाची बँक काढली होती. तिला कायद्याचं पाठबळ काहीच नव्हतं, तरी हजारो जणांनी ठेवी ठेवल्या. २००९ मध्ये तिच्या प्रमुखानंच सुमारे २०,००० कोटी इस्क काढले आणि खऱ्या पैशाला बाहेर विकले. बातमी फुटताच ठेवी काढायला झुंबड उडाली. कंपनीनं त्याला खेळातून काढून टाकलं. बँक लुटल्याबद्दल नाही, इस्क बाहेर विकल्याबद्दल. खेळाच्या आत फसवणूक करायला मनाई नाही. म्हणून तिथे नाव राखून धंदा करणारा माणूस दिसला की मला त्याचं कौतुक वाटतं. त्याला तसं वागायला कुणी भाग पाडलेलं नसतं.

२०२० मध्ये या बाजाराला वेगळाच धक्का बसला. ट्रिग्लाव्हियन नावाच्या आक्रमकांची मोहीम सुरू झाली आणि खेळाडूंना कुणाच्याही बाजूनं लढायची मुभा होती. नियार्जा या तारामंडळात आक्रमकांच्या बाजूचे खेळाडू जिंकले आणि ते नेहमीच्या नकाशातून तुटलं. जिता आणि आमार या दोन मोठ्या बाजारपेठांमधला सुरक्षित रस्ता नियार्जातूनच जात होता. पूर्वी नऊ-दहा उड्यांत होणारा प्रवास सुरक्षित वाटेनं चाळीसहून अधिक उड्यांवर गेला. नाहीतर कमी पहाऱ्याच्या हद्दीतून जवळची, पण जिवावरची वाट होतीच. वाहतूकदारांनी दरपत्रकं नव्यानं मांडली, आणि आमारला बसून जिताचा माल मागवणाऱ्यांनी काय मागवायचं आणि काय तिथेच बांधायचं याचा फेरविचार सुरू केला.