पिल्लू नर की मादी? डोक्यावरचा ठिपका सांगतो

अंड्यांसाठी परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना तलंगा हव्या असतात. पण एक दिवसाची पिल्ले दिसायला सारखीच. तुरा आणि शेपटीवरून फरक कळेपर्यंत कित्येक आठवडे नरांवरही खाद्याचा खर्च होतो. नेमकी जोडी लावली, तर हा फरक पहिल्याच दिवशी रंगावरून ओळखता येतो.

जोडी कोणती?
ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेली बार्ड प्लायमाउथ रॉक कोंबडी. पिल्ले सगळी काळी निघतात. ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका, तो नर. ठिपका नसेल ती मादी. मोठेपणी नराच्या पिसांवर पट्टे उमटतात. मादी काळीच राहते, मानेवर तांबूस छटा येते.

असे का होते?
कोंबड्यात दोन ‘झेड’ गुणसूत्रे असतात. कोंबडीत एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. पट्ट्यांचे जनुक ‘झेड’वर असते. आईचे ‘झेड’ फक्त नर पिल्लांना मिळते, मादीला ‘डब्ल्यू’. म्हणून आईचे पट्टे मुलाकडे जातात, मुलीकडे नाही.

काय टाळावे?
जोडी उलटी, म्हणजे कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी तांबडी असली, तर नर-मादी दोघेही पट्टेरी होतात. संकरित पिल्लांची आपसात पुढची पिढी घेतली, तरी ठिपक्याची खूण चालत नाही. आधीच्या कोंबड्याचे शुक्राणू कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकतात. त्यामुळे कोंबडी इतर कोंबड्यांपासून वेगळी केल्यावर तीन आठवडे थांबावे आणि त्यानंतरचीच अंडी उबवायला ठेवावीत.