डोळा लाल नाही, तरी दिसेना

डोळे आले की ते लाल होतात, चिकटतात. हे सर्वांना कळते. पण डोळा वरून स्वच्छ असून दिसेनासे झाले, तर घरची मंडळी चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आठवडेच्या आठवडे घालवितात. अशा वेळी डोळ्यामागील नसेला सूज आलेली असू शकते. डोळ्यातील चित्र मेंदूकडे पोचविणारी ती हीच नस.

मोठ्या माणसांत हा विकार बहुधा विशी ते चाळिशीत, आणि स्त्रियांत अधिक आढळतो. सहसा एकच डोळा बिघडतो. डोळा फिरविताना आतून दुखते व काही दिवसांतच नजरेच्या मधोमध धुके येते. रंगही फिके पडतात. संकेश्वरी मिरची हाती घेऊन एकेक डोळा झाकून पाहावे. एका डोळ्याला ती विटकी दिसली तर गोष्ट साधी नव्हे. (शहापूरच्या विणकरांना हा फरक आमच्याआधी कळेल.) भर उन्हात भांगलताना नजर मंदावते आणि सावलीत बसल्यावर परत येते, असेही काहींना होते.

मुलांचे निराळे. ताप-सर्दी होऊन गेल्यावर थोड्या दिवसांनी पुष्कळदा दोन्ही डोळे एकदम मंदावतात, व दुखण्याची तक्रार नसतेही. लहान मूल सांगत नाही. ते उंबऱ्याला अडखळते, ताटातली भाकरी चाचपते, फळ्यावरचे चुकीचे उतरविते. मास्तरांनी त्याला आळशी ठरविण्याआधी डोळे तपासावेत. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक मुलांची नजर चांगली सुधारते.

औषधाविषयी एक गोष्ट ध्यानी धरावी. १९९२ साली अमेरिकेतील ४५७ रुग्णांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर परतली. मात्र नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत दुखणे पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढले. तेव्हा दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत.

निपाणी भागात तंबाखूचा संशय प्रथम येतो. फार विडी, जोडीला दारू आणि निकस जेवण असेल तर नस खराब होते खरी, पण ती हळूहळू, न दुखता व दोन्ही डोळ्यांची. क्षयावरील इथॅम्बुटॉल या गोळीनेही क्वचित तसे होते. ती चालू असता नजर किंवा रंग बदलल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. हातापायांना मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीला अडथळा असल्यास तेही न लाजता सांगावे.