वजन पेलते स्प्रिंग, शॉकअप नव्हे

सुरतजवळच्या चलथाण-कडोदरा पट्ट्यातल्या गाड्यांचे हाल वेगळे सांगायला नकोत. साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या, वर्षभर कापडाचे टेम्पो, राष्ट्रीय महामार्ग 48 वरचे ट्रक, आणि पावसाळ्यात सर्व्हिस रोडला पडणारे खड्डे. त्यात इथल्या खानदेशी घरांतली गाडी गावी जाताना बारडोली, व्यारा, नवापूर करत कोंडाईबारीचा घाटही चढते, बहुतेक वेळा डिकी गच्च भरून. मग पुढून खडखड सुरू झाली की "शॉकअप गेले" असा निकाल लागतो, आणि हल्लीची हौशी मुलं ते घरीच बदलायला बसतात. ही हौस मला मनापासून आवडते. कामाचा एक भाग खरोखर घरी होतो. दुसऱ्यात मात्र हात किंवा जबडा जाऊ शकतो.

सगळा घोळ मुळात एका समजुतीतून होतो: शॉकअप, म्हणजे इथल्या गॅरेजवाल्यांचा जंपर, गाडीचं वजन पेलतो. तो पेलत नाही. वजन पेलते स्प्रिंग. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळून वरखाली होत राहते, आणि ती उसळी जिरवणं हे शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक झडपांतून रेटलं जातं, हालचालीची उष्णता होते आणि गाडीचं झुलणं थांबतं. "गॅसचा" म्हणून विकला जाणारा शॉकअपही तेलावरच चालतो. त्यातला नायट्रोजन तेलाला फेस येऊ देत नाही, एवढंच. म्हणून गाडी एका बाजूला बसली असेल तर नवा शॉकअप टाकून ती उठणार नाही. स्प्रिंग बसली आहे की तुटली आहे ते बघावं लागेल. उलट शॉकअप बदलले म्हणजे स्प्रिंगाही बदलायच्याच, असंही नाही. धड असलेली स्प्रिंग शॉकअपच्या दोन जोड्या सहज बघते. आणि ढिल्या गाडीवर इलाज म्हणून स्प्रिंगेच्या वेढ्यांत रबराचे बफर खोचतात, त्याने गाडी थोडी उंच होते, पण मेलेला शॉकअप मेलेलाच राहतो.

खडखडीचंही तसंच. खडखडीत अनेकदा दोष लिंक रॉडचा, बुशचा, बॉल जॉइंटचा किंवा स्ट्रटच्या वरच्या माउंटचा निघतो. शॉकअप गेल्याच्या खुणा वेगळ्या असतात: खड्ड्यानंतर गाडी झुलत राहणं, ब्रेक मारताच नाक खाली जाणं, टायर ठिकठिकाणी खवल्यासारखा झिजणं, नळीवरून तेल ओघळणं. नुसता ओलसर थर असला तर घाबरायचं कारण नाही. बोनेट दाबून सोडायची चाचणी फक्त पार मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला सुटतो. 80,000 किलोमीटरचा आकडा उत्पादक सांगतात, पण तो तपासणीची आठवण म्हणून घ्यावा. आपल्या रस्त्यांवर कमी-जास्त होतं.

"पुढचे काय, मागचे काय, काम एकच" ही समजूत सगळ्यांत घातक आहे. ऑल्टो, वॅगनआर, स्विफ्ट यांच्या मागच्या बाजूला स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. खाली वाकून बघितलं तरी दिसतं. तिथे स्प्रिंगेला हात न लावता शॉकअप निघतो, आणि नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी. फक्त एक ध्यानात ठेवायचं: चाक लोंबकळत असताना अॅक्सलला खाली जाण्यापासून बहुधा तो शॉकअपच अडवून धरतो. म्हणून बोल्ट काढण्याआधी अॅक्सलखाली जॅकचा हलका आधार हवा, नाहीतर ब्रेकच्या होजवर ताण येतो आणि स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. एका वेळी एकच बाजू खोला. बदलायचे मात्र दोन्ही, जोडीनेच.

पुढे गोष्ट निराळी. अभियंते अर्ल मॅकफर्सन यांची स्ट्रटची रचना 1950 च्या फोर्ड कॉन्सलने लोकांपुढे आणली आणि 1983 मधल्या मारुती 800 पासून ती आपल्या घराघरांत आली. तीत स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसवलेली असते, आणि चाक हवेत असलं तरी ती दाबलेलीच असते. छोट्या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकावर अडीचशे किलोच्या आसपास भार येतो, त्यावरून तिच्यातल्या जोराची कल्पना करा. बोनेट उघडलं की बहुतेक गाड्यांत स्ट्रटच्या माथ्यावर कडेचे दोन-तीन लहान नट आणि मधोमध एक मोठा नट दिसतो. कडेचे नट स्ट्रटला गाडीशी धरतात, मधला नट स्प्रिंगेला दाबून धरतो. काही गाड्यांत ही रचना वेगळी असते, म्हणून आधी मॅन्युअल बघायचं. मधला नट स्प्रिंग न दाबता सोडला तर माउंट आणि स्प्रिंग गोळीसारखी सुटतात. बाजारात मिळणारे आकड्यांचे स्वस्त स्प्रिंग-कॉम्प्रेसर घसरतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वेळी स्ट्रट अखंड काढा, गॅरेजात नेऊन तिथल्या मशीनवर स्प्रिंग दाबून शॉकअप बदलून घ्या आणि घरी परत बसवा. तेव्हाही ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आधी क्लिपमधून सोडवा, आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) तारेने बांधून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका.

जॅकवर उचलली म्हणजे गाडी सुरक्षित, हेही खोटं. डिकीतला जॅक टायर बदलण्यापुरता असतो. सपाट पक्की जमीन, दुसऱ्या टोकाच्या चाकांना ओट (अडसर) आणि कंपनीने दाखवलेल्या जागी घोड्या (जॅक स्टँड), त्याशिवाय गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नये. विटा भाराखाली अचानक फुटतात, त्या आधाराला कधीच नकोत.

शेवटची समजूत व्हिडिओंत क्वचितच दुरुस्त होते: चाक हवेत असतानाच सगळे बोल्ट कचकून आवळायचे. रबरी बुश ज्या स्थितीत आवळाल ती त्याची शांत स्थिती ठरते. हवेत आवळला तर गाडी खाली येताच तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून बुशचे बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर आणा, दोन-चारदा दाबून बसू द्या, मग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापावर आवळा. मागच्या कामाला अलाइनमेंट लागत नाही. पुढचा स्ट्रट नकलपासून सुटला असेल तर त्याच दिवशी करून घ्या, कारण बोल्ट भोकात केसभर हलला तरी चाकाचा कल बदलतो आणि नवा टायर एका कडेने झिजायला लागतो.