यादी कुणाच्या हातात?

सिन्नर तालुक्यात सप्टेंबर हा सभांचा महिना. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सहकारी संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, त्यामुळे पतसंस्था, सोसायट्या, औद्योगिक वसाहती, सगळ्यांच्या नोटिसा एकदमच निघतात. व्हॉट्सअॅपवर भागते, असे चिटणीस म्हणतात, आणि बरेचसे भागतेही. पण गटात सामील झालेल्या प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, गट १०२४ जणांवर थांबतो, ब्रॉडकास्ट यादी २५६ वर. शिवाय ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. ताळेबंदाची पीडीएफ सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडली जाते ती वेगळीच. म्हणून ई-मेल, आणि ई-मेल म्हटले की यादी सांभाळणारा प्रोग्रॅम.

पत्त्यांच्या याद्या लावण्याची डोकेदुखी जुनीच आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेला पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघाला. (ते संस्कृतात कविताही करत, टपाल खात्यात असे लोक असत.) सिन्नरच्या ४२२१०३ मधला पहिला ४ पश्चिम विभाग दाखवतो आणि पहिले तीन आकडे नाशिक.

संगणकावर ही कामे एरिक थॉमस यांच्या लिस्टसर्व्हने १९८६ मध्ये स्वयंचलित केली. १९९२ मध्ये मेजरडोमो आले, नव्वदीच्या अखेरीस मेलमन, फ्रान्सच्या विद्यापीठांतून सिम्पा. ही मंडळी मूळची चर्चेसाठी बांधलेली: एकाने लिहिले की सर्वांना जाते, उत्तरही सर्वांना. दुसऱ्या वर्गात पीएचपीलिस्ट, मेलचिंप आणि बंगळुरूच्या झिरोधामध्ये कैलाश नाध यांनी घडवलेले, २०१९ मध्ये खुले झालेले लिस्टमंक. यांत पत्र एका बाजूने जाते, चर्चा नाही.

निवड इथेच अर्धी होते. माजी विद्यार्थी मंडळाला गप्पा हव्यात, तर त्यांना गूगल ग्रुप्स किंवा मेलमन. पतसंस्थेला नोटीस पाठवायची असेल, तर चर्चेची यादी घेणे म्हणजे आफत: एक सभासद व्याजदराबद्दल तक्रार लिहितो आणि ती सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये जाऊन बसते.

मेलमन घ्यायचेच असेल तर तिसरी आवृत्ती घ्यावी. जुनी २.१ ज्या पायथन २ वर चालते, त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तरी होस्टिंगवाल्यांच्या पॅनेलमध्ये ती अजून सापडते, आणि फुकट आहे म्हणून कुणीतरी सुरू करते.

खरी कसोटी मात्र पाठवण्यात आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी नियम कडक केले: पाठवणाऱ्याच्या डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम ही ओळख-पडताळणी हवीच, आणि दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला दोन्ही, वर डीमार्क आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय. आपली यादी चारशे सभासदांची असली तरी ही व्यवस्था करून घ्यावी, नाहीतर पत्र स्पॅममध्ये. फुकटच्या जीमेलवरून दिवसाला ५०० पर्यंतच पत्रे जातात, आणि बीसीसीत सगळ्यांना घालणारा माणूस एखाद्या दिवशी बीसीसीऐवजी सीसी दाबतोच. घरच्या सर्व्हरवर मेलमन बसवण्याची हौस मी तरी सिन्नरच्या छोट्या संस्थेला सांगणार नाही. लिस्टमंक बसवून प्रत्यक्ष पाठवण्याचे काम विकत घेतलेल्या सेवेकडे द्यावे, किंवा सरळ तयार सेवा घ्यावी. तयार सेवेचे फुकटपण मात्र लवचीक असते: मेलचिंपची फुकट मर्यादा एकेकाळी २००० पत्त्यांची होती, ती पुढे ५०० वर आली.

आपल्याकडची एक खास अडचण कुठल्याच माहितीपत्रकात नसते. संस्थेची सभासद यादी बहुधा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली असते, श्रीलिपीसारख्या. पडद्यावर 'मुसळगाव' दिसते, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ असतो. प्रोग्रॅममध्ये घातली की तोच गोंधळ बाहेर येतो. आधी ती युनिकोडमध्ये बदलावी, मग सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये साठवावी. दोन-चार नावे काना-वेलांटीसकट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि मग एकच चाचणी: यादी पूर्ण बाहेर काढता येते का? केवळ नाव-पत्ता नव्हे, तर कुणी कधी होकार दिला आणि कुणी नाव काढून घेतले, हेही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असायला हवे. नव्या प्रोग्रॅममध्ये जाताना नाव काढलेल्यांची नोंद हरवली, तर तीच माणसे पुन्हा यादीत शिरतात. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला बंद झाले, तेव्हा ज्यांनी आपल्या गटाची प्रत काढून ठेवली नव्हती त्यांच्या हाती काही उरले नाही.

खाते चिटणिसांच्या खाजगी जीमेलवर उघडू नये. संस्थेच्या डोमेनवरचा पत्ता घ्यावा, पासवर्ड दोघांकडे असावा आणि वर्षातून एकदा, सभेच्या आधी, यादी उतरवून दप्तरात ठेवावी. निवडणुकीनंतर नवे संचालक मंडळ आले की पहिल्या दिवशी हीच फाइल मागितली जाते.