मालमोटारीच्या एंजिनांत जाणारी हवा तापते तेव्हां

ऊंस वाहणारी डिझेलची मालमोटार चढणीवर दम सोडूं लागली व काळा धूर ओकूं लागली, तर पुष्कळदां दोष एंजिनांत जाणाऱ्या तप्त हवेचा असतो. टर्बोनें दाबलेली हवा भर ओझ्याखालीं १५० अंशांच्याही वर तापते. रेडिएटरपुढील इंटरकूलर तिला निववितो. दाब तोच असतां हवा ५० ऐवजीं ८० अंशांवर राहिली, तर तितक्याच जागेंत मावणारा प्राणवायु सुमारें ८ टक्क्यांनीं घटतो.

परीक्षा क्रमानें करावी. रात्रभर निवलेलें एंजिन सुरू न करितां, केवळ किल्ली फिरवून, पहांटे स्कॅनरवर या हवेचें उष्णमान वाचावें. तें बाहेरील हवेच्या उष्णमानाशीं जवळजवळ जुळलें पाहिजे. न जुळल्यास दोष सेन्सरचा अथवा तारेचा होय. जुळल्यास इंटरकूलरवर बसलेली धूळ व पाचट काढावें, पंखा नीट फिरतो कीं नाहीं तें पहावें. रबरी नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग असतील, तर तेथून हवा फुटत असण्याचा संभव असतो. मग टर्बोवर अधिक भार पडून हवा आणखी तापते.

गाडी अडली तर तोडलेल्या उंसाचें वजन व उतारा दोन्ही घटतात. म्हणून वाचकांनीं भाग बदलण्याची घाई करूं नये; सेन्सर बिघडला असतां इंटरकूलर बदलणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!