टॅब कळ आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, की संगणकाला नाव कळतं म्हणजे नेमकं काय कळतं? आमची एक फजितीच सांगतो.

टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, आम्ही निवृत्तीनंतर शिकलो. लिनक्सवर तिथं बॅश हा प्रोग्राम आपल्या आज्ञा घेतो. फायलीच्या नावाची दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबली, की उरलेलं नाव तो पुरं करतो. नावात रिकामी जागा असेल तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघही घालतो, नाहीतर त्याच्या लेखी तिथं शब्द संपला. इथवर ठीक.

आमच्या टिपणांच्या फायली जुन्या मॅकवरून आल्या होत्या. ‘दुसऱ्या-व्याख्यानाची-टिपणं’ ही उघडायची होती. ‘दुसऱ’ लिहून टॅब दाबली, काहीच नाही. अख्खं नाव हातानं लिहिलं, तर कोरं पान! टिपणं गेली असं समजून आम्ही दोन दिवस आठवून आठवून लिहीत बसलो. मग यादी पाहिली, तर त्याच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी. एका फोल्डरात हे शक्य नसतं, बरं का.

तर झालं होतं असं. युनिकोडमध्ये ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ०९३१ क्रमांकाचं अखंड चिन्ह, किंवा र आणि पुढं नुक्ता. डोळ्यांना फरक नाही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था अक्षरं सुटी करून ठेवायची. आमचा कळफलक अखंड ऱ देतो. लिनक्स सहसा बाइट ताडून पाहतो, अक्षर नव्हे. ‘दुस’वर थांबून टॅब दाबली असती, तर नाव मिळालं असतं!

यावर उपाय कॉन्व्हएमव्ही नावाचा प्रोग्राम. त्याला नावं एनएफसी रूपात, म्हणजे जोडून, करायला सांगायची. काय बदलेल ते तो आधी नुसतं दाखवतो. ‘नोटेस्ट’ म्हटल्यावरच हात लावतो. ही सवय आम्हांला आवडली. मात्र आमच्यासारखी जुळी फाइल झाली असेल, तर आधी एकीचं नाव बदला.

गझलांच्या फायली ठेवणाऱ्यांना एक सांगतो. ज़ एनएफसीमध्येही सुटाच राहतो, युनिकोडचा नियमच तसा आहे. तेव्हा तिथं त्या अक्षराच्या आधीच टॅब दाबावी.