रक्त दोनदा, जेवण हॉटेलात

मधुमेहाच्या तपासणीसाठी खेड्यातून येणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, ते एकदा पाहण्यासारखे आहे. पहाटे उठायचे, चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि मिळेल ती पहिली एस.टी. गाठायची. पाटोदा, वडवणी, गेवराई, शिरूर कासार, कुठूनही निघा. बीडच्या स्टँडवर उतरून लॅबोरेटरीत नंबर लागेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतातच. उपाशीपोटीचे रक्त दिले की लॅबवाला सांगतो, "आता जेवून या, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचंय." माणूस बाहेर येऊन उभा राहतो. न्याहारीची वेळ टळलेली असते, जेवणाची झालेली नसते. मोठ्या शहरांतली मंडळी या अधल्यामधल्या खाण्याला 'ब्रंच' म्हणतात आणि त्यासाठी रविवारी हौसेने हॉटेलात जातात. आपल्याकडे ते लॅबोरेटरी, कोर्ट, तहसील आणि बाजार यांच्यामुळे आपोआप घडते. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाच्या ओपीडीत केज, धारूर, परळीहून येणाऱ्यांचीही हीच तऱ्हा.

गंमत म्हणजे या एका जेवणावर पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या ठरतात. म्हणून त्याविषयी आज जरा सविस्तर लिहितो.

काही पेशंट या तपासणीला परीक्षा समजतात. साखर कमी आली की आपण पास! मग ते एक कप बिनसाखरेचा चहा आणि दोन बिस्किटे खाऊन रक्त द्यायला बसतात. रिपोर्ट छान येतो, डॉक्टर गोळी वाढवत नाहीत, आणि घरी गेल्यावर दोन भाकरी, भात असे रोजचे जेवण सुरू होते. त्या जेवणानंतर साखर किती चढते ते कागदावर कधी येतच नाही. याच्या उलट दुसरी मंडळी. "आज डॉक्टरांनीच खायला सांगितलंय" म्हणून पुरीभाजी, वर जिलेबी, शेवटी गोड चहा. त्यांचा आकडा तीनशेच्या वर जातो आणि नसलेल्या कारणासाठी गोळ्या वाढतात. खरे तर या तपासणीला रोज घरी जेवता तेवढे आणि साधारण तसेच जेवायचे असते. ना उपास, ना मेजवानी.

दोन तास कुठून मोजायचे, यातही घोटाळा होतो. पहिला घास तोंडात गेला तिथून मोजायचे. जेवण संपल्यापासून नाही, आणि पहिले रक्त दिल्यापासून तर नाहीच. दहाला रक्त दिले, अकराला जेवायला बसला, आणि बाराला "दोन तास झाले" म्हणून हात पुढे केला, तर तो रिपोर्ट जेवणानंतर एका तासाचा झाला. त्या दोन तासांत बाजारभर पायी फिरू नये, तंबाखू-विडी ओढू नये, मध्ये आणखी चहा घेऊ नये. साधे पाणी चालते. उपाशीपोटीच्या रक्ताआधीसुद्धा पाणी चालते, हे अनेकांना माहीत नसते. उन्हाळ्यात लोक घोटभर पाणी न पिता चाळीस किलोमीटर प्रवास करून येतात. तसे करू नका.

ज्यांना मधुमेह आहे, त्यांची उपाशीपोटीची साखर साधारण ८० ते १३० आणि जेवणानंतरची १८० च्या आत असावी, असा सर्वसाधारण हिशेब आहे. वय फार झालेले असेल, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, तर डॉक्टर जरा सैल आकडा धरतात. 'एचबीए१सी' ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि तिला उपाशी राहावे लागत नाही. आदल्या दिवशी कारले खाऊन तिला फसवता येत नाही!

आता गोळीचे. जेवणाबरोबर घ्यायची गोळी खिशात आणावी आणि हॉटेलात जेवायला बसताना घ्यावी. रोजच्या औषधावर साखर कशी राहते तेच तर पाहायचे असते. पण घरून निघताना उपाशीपोटी ती गोळी घेऊन निघणे फार धोक्याचे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या नावांच्या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली ओढतात. इन्सुलिनचेही तसेच.

पाटोद्याकडचे साठी ओलांडलेले एक शेतकरी "गोळी चुकवायची नाही" हा माझाच उपदेश डोक्यात ठेवून पहाटे सहाला पाण्याबरोबर गोळी घेऊन निघाले. जेवणाबरोबर घ्यायची, हे मी सांगितलेले अर्धे वाक्य मात्र वाटेत गळाले. एस.टी. वाटेत बंद पडली. साडेदहाला लॅबच्या रांगेत त्यांना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे अडखळले. रांगेतल्या लोकांनी कांदा शोधायला सुरुवात केली. एकाने "वारं गेलं" म्हणून निदानही करून टाकले. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्या पोराच्या घरी मधुमेहाचा पेशंट होता. त्याने विचारले, "आजोबा, गोळी घेतली का?" आणि ग्लासभर पाण्यात साखर ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत म्हातारबुवा सावरून बसले. त्या पोराने त्या दिवशी एखाद्या डॉक्टरइतके काम केले, असे मी आजही सांगतो.

हे प्रत्येक हॉटेलवाल्याने लक्षात ठेवावे, कारण साखर त्याच्याच हाताशी असते. घाम, थरथर, एकाएकी लागलेली कडाडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, विचित्र बोलणे, आणि माणूस मधुमेहाचा आहे असे कळले, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच, आणि बरे वाटल्यावर लगेच जेवण. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचे नाही, पाणी श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवून थेट दवाखान्यात आणायचे.

बरे, हॉटेलात बसल्यावर मागवायचे काय? स्टँडच्या आसपास सकाळी पोहे, सुशीला, भजे, पुरीभाजी, मिसळ मिळते. पोहे आणि सुशीला पोटाला हलके वाटतात, पण पोहे म्हणजे तांदूळ आणि सुशीलातले मुरमुरेही तांदळाचेच. मूठभर शेंगदाणे आणि बाजूला मटकीची उसळ घेतली तर साखर जरा सावकाश चढते. मिसळीतली उसळ उत्तम. वरचा शेवेचा डोंगर आणि तर्रीचे तेल तेवढे कमी सांगावे. अकराच्या पुढे खानावळी लागतात. तिथे भाकरी, पिठले, आमटी, पालेभाजी मिळत असेल तर घरचेच जेवण मिळाले म्हणायचे.

मात्र ज्वारीच्या भाकरीबद्दल एक गैरसमज काढायला हवा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेले, ज्वारीचे खूप कौतुक झाले, आणि आपल्या भागातल्या माणसाला त्याचा आनंद होणारच. पण "भाकरीने साखर वाढत नाही, कितीही खा" असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. ज्वारीतही पिष्ट असते आणि खानावळीतली एक मोठी भाकरी पिठाच्या हिशेबाने दोन पोळ्यांच्या तोडीची असते. भाकरी चांगली, पण मोजून. 'पोटभर थाळी'चा बोर्ड पाहून पैसे वसूल करायला बसू नये. पैसे वसूल होतात ते हॉटेलवाल्याकडून, पण भरावे लागतात औषधाच्या दुकानात.

ब्लडप्रेशरवाल्यांना तर थाळीच्या कडेलाच धोका आहे. लोणचे, पापड, ठेचा, खारी चटणी, मठ्ठा. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सगळ्या पदार्थांचा मिळून. थाळीच्या कडेचे सगळे संपवले तर त्यातला मोठा वाटा एकाच बैठकीत उरकतो.

आता स्वच्छतेकडे वळू. हॉटेलचे खाणे म्हणजे वाईटच, असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्याकडच्या कितीतरी खानावळी घरच्यासारखे जेवण देतात. ताव्यावरून उतरलेली भाकरी, उकळती आमटी, समोर तळलेले भजे यांत जंतू टिकत नाहीत. धोका असतो तो तयार होऊन पडून राहिलेल्या आणि न शिजवता हाताने वाढलेल्या पदार्थांत. सकाळी शिजवून दुपारपर्यंत कोमट राहिलेला भात हे त्याचे चांगले उदाहरण. 'बॅसिलस सेरिअस' नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा फोडणी दिल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून अन्न ठेवायचे तर ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार. मधली ऊब जंतूंना फार मानवते. बीडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर सगळे स्वयंपाकघरच जंतूंची शेगडी होते.

दुसरे पाणी. उन्हाळ्यात टँकरचे पाणी, पिंपातून जगात, जगातून ग्लासात, आणि ग्लासात वाढप्याची बोटे. जारचे पाणी थंड असते म्हणजे शुद्ध असतेच असे नाही. शक्यतो आपली बाटली बरोबर ठेवावी. कावीळ आणि टायफॉइड अशा पाण्यातून येतात, पण लगेच येत नाहीत. टायफॉइडला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात, 'ए' प्रकारच्या काविळीला दोन ते सात आठवडे. लोक मात्र काल जेवलेल्या हॉटेलाला शिव्या देत दवाखान्यात येतात. महिन्यापूर्वी कोणत्या जत्रेत बर्फाचा गोळा खाल्ला, ते कोणालाच आठवत नाही. गरोदर बायकांनी विशेष जपावे. 'ई' प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर दर चार-पाचजणींत एक दगावू शकते. पोटुशी लेक तपासणीला आणली असेल तर तिचा डबा आणि पाणी घरूनच आणा.

तिसरा स्वयंपाक्याचा हात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. ती जिथे जिथे कामाला राही तिथे टायफॉइड निघे, पण ती स्वतः ठणठणीत! १९०७ साली तिचा छडा लागला. तिच्या शरीरात टायफॉइडचे जंतू कायमचे मुक्कामाला होते. तिच्या शिजवलेल्या पदार्थांतले जंतू उष्णतेने मरत, पण फळे घातलेले आइस्क्रीम शिजवले जात नसे. स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिला १९१० मध्ये सोडले. १९१५ साली ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली आणि १९३८ मध्ये मरेपर्यंत तिला वेगळेच ठेवावे लागले. आपल्या खानावळीत आइस्क्रीमच्या जागी चिरलेला कांदा, कोशिंबीर आणि ओली चटणी आहे, एवढाच फरक. अख्खा कांदा मागून घ्या आणि स्वतः फोडा. आपल्या वाडवडिलांची बुक्कीने कांदा फोडायची पद्धत अगदी शास्त्रीय होती.

देशात ५ ऑगस्ट २०११ पासून अन्नसुरक्षा कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. अन्न हाताळणाऱ्या कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस त्यातल्या नियमांत आहे. प्रत्येक हॉटेलात चौदा आकडी नंबर लावलेला असायला हवा. जेवायला गेलात की भिंतीवर तो शोधा आणि मालकाला सहज विचारा, "तुमच्या पोरांची तपासणी झाली का?" भांडायचे नाही, फक्त विचारायचे. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या दिवशी एखादा मालक पोरांना घेऊन दवाखान्यात येतो, असा माझा अनुभव आहे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवण्यालाही १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. प्रयोगशाळेतली मोजणी आपल्याला जमणार नाही. पण तेल काळे, चिकट, फेसाळ झाले असेल आणि धूर डोळ्यांना झोंबत असेल, तर ते भजे राहू द्यावेत. आणि गरम भजे वर्तमानपत्राच्या कागदावर घेऊ नयेत, छपाईची शाई तेलात उतरते. हे मी वर्तमानपत्रातच लिहितो आहे, संपादकांनी राग मानू नये. वाचा, पण त्यावर खाऊ नका!

एवढे करूनही जुलाब-उलट्या लागल्याच, तर पहिला उपाय ओआरएस. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे रोगी वाचवले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले. पाकीट मोठे असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायचे, पेल्यात थोडे थोडे टाकून नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात मिळणारी गोड फळांची पेये ओआरएस नव्हेत. त्यांच्यावर ते नाव छापायलाही अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली आहे. लहान मुलांना याच्या जोडीला डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे. शौचातून रक्त, लघवी बंद, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त, यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नका.

"मला मधुमेह आहे, ओआरएसमध्ये तर साखर आहे," असे पेशंट हमखास म्हणतात. जुलाब होत असताना मधुमेहाच्या माणसानेही ओआरएस प्यायचेच. त्यातली साखर थोडी असते आणि मीठ-पाणी आतड्यातून आत ओढून घ्यायला ती लागते. उलट अशा दिवसांत मेटफॉर्मिन किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या शरीरातले पाणी कमी झाले असताना त्रास देऊ शकतात. त्या थांबवायच्या का, ते त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारा. इन्सुलिन मात्र "खाल्लंच नाही तर कशाला" म्हणून आपल्या मनाने पूर्ण बंद करू नका. डोस किती घ्यायचा तेही त्याच फोनवर विचारून घ्या.